तासाला चाळीस वेळा धुतला जाणारा खिसा

"तीन, दोन, तीन. पुढचा. तीन, तीन, पाच. पाचला रक्त."

उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात एका दवाखान्याच्या खुर्चीत मी आ वासून आडवा झालो होतो. डॉक्टर एक बोथट, खुणा कोरलेली सळई हिरडीच्या कडेकडेने फिरवत आकडे पुकारत होत्या आणि त्यांची मदतनीस ते कागदावर टिपत होती. सोसायटीच्या कोजागिरीला हाउझीचे आकडे पुकारतात तसे. इथे मोठा आकडा निघाला तर बक्षीस नव्हतं, एवढाच फरक.

तोंड मोकळं झाल्यावर कळलं की ते मिलिमीटर होते. दात आणि हिरडी यांच्यामध्ये प्रत्येकालाच एक बारीक फट असते. ती १ ते ३ मिलिमीटर खोल असेल तर काही बिघडलेलं नाही. ४ झाले की डॉक्टर तिला पॉकेट म्हणतात. खिसा! ज्या गावात गल्लोगल्ली जीन्स शिवल्या गेल्या तिथे हा शब्द ऐकून मला हसू आलं. जीन्सला उजवीकडे एक चिमुकला पाचवा खिसा असतो, कशासाठी ते धड कुणाला सांगता येत नाही. तसा एक माझ्या मागच्या दाढेला निघाला होता.

"मग गोळी द्या ना," मी म्हणालो.

"काका, गोळी सगळ्या अंगाला वाटली जाते, खिशापर्यंत चिमूटभर पोचते. गुळणी वरच्या वर जाते. आणि थेट आत औषध सोडलं तर ते राहत नाही, वाहून जातं."

वाहून जातं? हिरडीतून? ही काय नदी आहे?

आहे. हिरडीतून एक पातळ द्रव सतत झिरपत असतो. रक्तातून गाळून आलेला, पांढऱ्या पेशी घेऊन येणारा. पावसाळ्यात बारवी धरणाच्या बाजूच्या डोंगरउतारावर जमिनीतूनच पाझर फुटतात तसा. हिरडी सुजली की पाझर वाढतो. मॅक्स गुडसन या अमेरिकन संशोधकाने याचा हिशेब मांडला. पाच मिलिमीटर खोल खिशात हा द्रव मावतो साधारण अर्धा मायक्रोलिटर, म्हणजे पाण्याच्या एका थेंबाचा शंभरावा भाग. आणि सुजलेल्या हिरडीतून तो येतो तासाला वीस मायक्रोलिटर. वीस भागिले अर्धा, चाळीस. खिशातलं पाणी तासाला चाळीस वेळा बदलतं, दर दीड मिनिटाला एकदा. कल्याणला बदलापूर लोकल पकडली, तर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ करत गाडी बदलापूरला लागेपर्यंत खिसा पंधराएक वेळा धुऊन निघालेला असतो. त्यात औषधाचा थेंब सोडणं म्हणजे जुलैच्या पुरात बदलापूरच्या चौपाटीवर उभं राहून उल्हास नदीत तुरटीचा खडा टाकणं आणि पाणी निवळायची वाट बघणं.

हे कळल्यावर मी त्या दाढेकडे वेगळ्या नजरेने बघू लागलो. इतकी वर्षं वाटत होतं की हिरडीच्या दुखण्यात प्रश्न असतो तो चांगलं औषध सापडण्याचा. औषधं तर कधीची सापडलेली आहेत. क्लोरहेक्झिडिन आहे, डॉक्सिसायक्लिन आहे, मिनोसायक्लिन आहे. नाही ते औषधाला तिथे मुक्काम करायला लावायचं कसब. आज जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये हिरडीसाठी नॅनोकण घडवले जातात ते या मुक्कामासाठी.

पण आधी त्या खिशात राहतं कोण, ते बघू.

आपल्याकडे नळाला पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून घरोघरी पिंपं भरून ठेवायची सवय. पिंप रिकामं झाल्यावर आतून बोट फिरवून पाहा. बुळबुळीत लागतं. तो बुळबुळीतपणा म्हणजे जिवाणूंची वसाहत, शास्त्राच्या भाषेत बायोफिल्म. एकेकटा जिवाणू पाण्यात पोहत असला तर औषधाने पटकन मरतो. तेच जिवाणू पृष्ठभागाला चिकटून, स्वतः स्रवलेल्या चिकट खळीत एकमेकांना धरून राहू लागले की औषध वरच्या थरातच अडतं आणि खालचे सुखरूप राहतात. दातांवरचा थरही असाच. हॉलंडमधल्या डेल्फ्टचा कापडव्यापारी लेवेनहूक याने १६८३ मध्ये स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर खरवडून आपल्या हातच्या भिंगाखाली ठेवला आणि त्यात वळवळणारे जीव पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. माणसाने पाहिलेले जे अगदी पहिले जिवाणू, त्यांत हे दातांवरचे.

खिशात खोलवर, जिथे हवा पोचत नाही तिथे, त्यांच्यातली खट मंडळी राहतात. त्यांचा म्होरक्या पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस. नाव उच्चारतानाच दात हलावेत असं. गंमत अशी की हाड कुरतडण्याचं काम तो स्वतः फारसं करत नाही. तो आपल्या शरीराच्या राखणदारांना चिथावतो. पांढऱ्या पेशी धावून येतात, कोलॅजन विरघळवणारी विकरं सोडतात, आणि दाताला हाडाशी बांधून ठेवणारे धागे त्यातच विरघळतात. हाड मागे सरकतं, दात हलू लागतो. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हेच. आपले आजोबा याला पायरिया म्हणायचे. सुश्रुताने दातांच्या मुळाशी होणाऱ्या रोगांची वेगळी यादीच केली आहे, त्यातले शीताद आणि उपकुश हे वर्णनावरून आपल्या ओळखीचेच वाटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार हा आजार गंभीर रूपात जगातल्या सुमारे १९ टक्के प्रौढांना आहे. माणसं म्हणाल तर शंभर कोटींहून अधिक.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. "माझ्या हिरड्यांतून कधी रक्त येत नाही," असं मशेरी लावणाऱ्या आजी मोठ्या अभिमानाने सांगतात. येत नसेलही, कारण तंबाखूतलं निकोटीन हिरडीतल्या रक्तवाहिन्या आवळून धरतं. आत शेत खाल्लं जात असतं आणि बाहेर कुत्रं भुंकत नसतं. रक्त दिसणं ही तक्रार आहे, पण ती उपयोगाची तक्रार आहे.

ब्रशचं काय? अंबरनाथच्या शिवमंदिरात गेला असाल तर आठवा. १०६० सालचं हे मंदिर, शिलाहारांच्या काळचं. सभामंडपातून गाभाऱ्यात जायचं तर सपाटीवरून जाता येत नाही, पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. ब्रश सभामंडपातच थांबतो. तोही नीट झाडला तर पुष्कळ झालं, पण खालच्या अंधाराला त्याचा स्पर्श नाही.

तर, मुक्काम.

पहिली युक्ती याच गुडसनची, १९७० च्या दशकाच्या शेवटाची. त्याने पोकळ धाग्यात टेट्रासायक्लिन भरलं आणि तो धागा दाताभोवती खिशात गुंडाळला. त्यातून पुढे अमेरिकेत १९९४ मध्ये मान्यता मिळालेला एक धागा बाजारात आला. २३ सेंटिमीटर लांब, दहा दिवस हिरडीखाली ठेवायचा, मग ओढून काढायचा. पोटातून घेतलेल्या गोळीने खिशातल्या द्रवात औषधाचं प्रमाण मिलिलिटरमागे जेमतेम चार ते आठ मायक्रोग्रॅम होतं. धाग्याने ते हजाराच्या वर राहिलं, आणि तेही अंगभर औषध न पसरवता. पण २३ सेंटिमीटरचा धागा दाढेभोवती वेटोळी करून बसवणं हे डॉक्टरचाही घाम काढणारं काम होतं. १९९८ मध्ये जिलेटिनची चकती आली. चार बाय पाच मिलिमीटरची, आत अडीच मिलिग्रॅम क्लोरहेक्झिडिन. खिशात सरकवायची आणि विसरून जायचं, आठवडा-दहा दिवसांत ती आपोआप विरघळते. २००१ मध्ये मिनोसायक्लिन भरलेले सूक्ष्म गोळे आले, पिचकारीने खिशात फवारायचे.

हे गोळे ज्याचे बनतात त्याचं नाव पीएलजीए. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक या दोन आम्लांची गुंफलेली साखळी. यातलं पहिलं आम्ल आपल्या दह्यात असतं. शस्त्रक्रियेनंतर पोटातले टाके काढावे लागत नाहीत, आपसूक विरघळतात, ते याच जातीच्या धाग्यांमुळे. ओलाव्यात साखळीचा एकेक दुवा सुटतो, आतलं औषध हळूहळू झिरपतं, आणि शेवटी त्या आम्लांचं शरीर पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करून टाकतं. पाझर औषध धुऊन नेतो, तर औषधाचाच एक पाझर त्याच्या शेजारी सुरू करून द्यायचा. ज्याला हे पहिल्यांदा सुचलं त्याला दाद द्यावी.

मग याहून लहान कशाला हवं? याचं उत्तर आकड्यांत वाचून मला कळलं नव्हतं. शेवटी मी सगळं दहा हजारपट मोठं करून पाहिलं. तुम्हीही पाहा.

दहा हजारपट मोठ्या जगात माझा पाच मिलिमीटरचा खिसा पन्नास मीटर खोल होतो. सोळा मजली इमारत मावेल अशी, अरुंद, अंधारी विहीर. तिच्या भिंतीला शेवाळासारखी जी जिवाणूंची वस्ती आहे, तिची जाडी एक मीटरपासून चार-पाच मीटरपर्यंत. एकेक जिवाणू म्हणजे वाटाणा. वाटाणे लाखोंनी खळीत चिकटून बसलेत. दाताच्या मुळाच्या भिंतीतही बोटभर रुंदीच्या असंख्य नळ्या आहेत, आणि काही वाटाणे त्यांत शिरून लपलेत. पिचकारीने फवारलेले ते सूक्ष्म गोळे या जगात किती मोठे? २० ते ६० सेंटिमीटर. भोपळे! भोपळा विहिरीत पडून राहील, आजूबाजूला औषध सोडत राहील, पण वाटाण्यांच्या खळीत किंवा भिंतीतल्या नळीत तो कसा शिरणार? आता शंभर नॅनोमीटरचा कण घ्या. या जगात तो एक मिलिमीटरचा, मोहरीचा बारीक दाणा. तो खळीतल्या फटींतून घरंगळतो, वाटाण्याच्या अंगाला चिकटतो, नळीतही उतरतो.

आपल्याकडे राईचा पर्वत करणं हे भांडखोराचं लक्षण मानतात. नॅनोवाले तेच करून पोट भरतात. खऱ्या जगातला एक मिलिमीटरचा दाणा घेतला तर त्याचं अंग साधारण तीन चौरस मिलिमीटर. तोच ऐवज शंभर नॅनोमीटरच्या कणांत वाटला तर कण होतात एक लाख कोटी, आणि त्या सगळ्यांचं अंग मिळून छोट्या वहीच्या एका पानाएवढं. ऐवज तोच, भिडण्याची जागा दहा हजारपट. ज्या औषधांना पाण्यात विरघळण्याचाच कंटाळा, त्यांना याचा फार फायदा होतो. हळद त्यातलीच.

हळदीबद्दल मराठी माणसाशी बोलताना जपून बोलावं लागतं. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला १९९५ मध्ये मिळालं तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर त्याच्याविरुद्ध उभी राहिली, आणि १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं, हे आपल्याला पाठ आहे. पण हळदीतलं करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि पोटातून घेतलं तर रक्तात पोचायच्या आतच त्याची वासलात लागते. दूध-हळदीचा पेला हिरडीतल्या खिशापर्यंत काही पोचवत नाही. तो घशाला बरा वाटतो, तेवढ्यावर त्याला मोकळं करावं. करक्युमिनचे नॅनोकण करून थेट खिशात ठेवण्याचे प्रयोग म्हणूनच होत आहेत. दाह कमी करण्याचा त्याचा गुण तिथे खरोखर कामाला येऊ शकतो, कारण या आजारात जिवाणू मारण्याइतकंच आपल्या राखणदारांना शांत करणंही गरजेचं असतं.

असे कण बनवतात कसे? मला वाटायचं, काहीतरी चिमटीत धरून कोरत असतील. प्रत्यक्षात एक सोपी रीत तुम्ही घरी केलेली आहे. बादलीभर पाण्यात डेटॉलचे चार थेंब टाका. पिवळसर, नितळ द्रव पाण्यात पडताच दुधासारखा पांढरा होतो. त्यातल्या तेलकट भागाला पाणी सोसत नाही, तो क्षणात असंख्य बारीक थेंबांत फुटतो, आणि ते थेंब उजेड विखुरतात म्हणून पांढरं दिसतं. पीएलजीए आणि औषध अशा द्रवात विरघळवायचं जो पाण्यात मिसळतो, आणि तो ढवळत्या पाण्यात थेंबथेंब सोडायचा. पाण्याला किंचित निळसर, दुधाळ झाक आली की समजायचं, कण जन्मले.

औषध बांधायची दुसरी पोटली आणखी सुंदर आहे, आणि तिच्यासाठी आपल्याला उल्हासनगरहून फक्त एक स्टेशन पुढे जायचं आहे.

लेसिथिन नावाचा पदार्थ अंड्याच्या बलकात आणि सोयाबीनमध्ये असतो. त्याच्या रेणूचं डोकं पाण्याकडे ओढ घेतं, दोन शेपट्या पाण्यापासून पळतात. असे रेणू पाण्यात सोडले की ते आपणहून शेपटीला शेपटी लावून दुहेरी भिंत रचतात आणि ती भिंत स्वतःशीच मिटून चेंडू होतो. आत पाणी, बाहेर पाणी, मध्ये भिंत. कुणी शिवत नाही, कुणी जोडत नाही. केंब्रिजजवळ बाब्रहॅम इथे अॅलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकात हे चेंडू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. यांना लायपोसोम म्हणतात. आपल्या प्रत्येक पेशीची भिंतही अशीच बनलेली आहे, म्हणून शरीराला ते परके वाटत नाहीत.

२०२१ चा मे महिना आठवतो? करोनाच्या दुसऱ्या लाटेत काळी बुरशी आली. मधुमेह आणि स्टिरॉइडं यांच्या आडून ती नाकातून शिरायची आणि वरच्या जबड्यात उतरायची. दात अचानक हलू लागणं हे तिच्या खुणांपैकी एक होतं. कित्येकांचा वरचा जबडा काढावा लागला. घराघरांत ज्याची शोधाशोध चालली होती ते अॅम्फोटेरिसिन इंजेक्शन म्हणजे ही लायपोसोमची पोटली. साधं अॅम्फोटेरिसिन १९५० च्या दशकातलं, बुरशी मारण्यात पटाईत आणि मूत्रपिंड बिघडवण्यातही तेवढंच पटाईत. तेच रेणू शंभर नॅनोमीटरहून लहान चेंडूच्या भिंतीत बसवले की मूत्रपिंड बचावतं आणि किलोमागे एक मिलिग्रॅमच्या जागी पाच मिलिग्रॅमपर्यंत औषध देता येतं. त्या महिन्यात केंद्र सरकारने जाहीर केलेल्या मोजक्या देशी उत्पादकांमध्ये भारत सीरम्स अँड व्हॅक्सिन्स ही कंपनी होती, आणि तिचा कारखाना आहे अंबरनाथ पूर्वेला, आनंदनगरच्या अतिरिक्त एमआयडीसीत. रात्री वारा फिरला की ज्या एमआयडीसीच्या वासाने आपण खिडक्या लावून घेतो, त्याच पट्ट्यात हे घडतं. मला स्वतःला हे त्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं.

त्याच यादीत आणखी एक कंपनी होती, आणि तिच्या लायपोसोमची मुळं परळच्या केईएम रुग्णालयात आहेत. डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी तिथे दिल्ली विद्यापीठाचे प्रा. बी. के. बच्छावत यांच्याबरोबर परदेशी औषधाच्या किमती आपल्या रुग्णांना परवडणार नाहीत म्हणून देशी लायपोसोम अॅम्फोटेरिसिन घडवलं, रुग्णांवर तपासलं. ते देण्याआधी ध्वनिलहरींच्या यंत्रात धरावं लागतं, म्हणजे मोठे चेंडू फुटून लहान होतात. नॅनो म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर परदेशातली चकचकीत प्रयोगशाळा येते. इथे एक सरकारी छाप रुग्णालय आणि गुणगुणणारं यंत्र.



हिरडीसाठी याच घराण्यातल्या पोटल्या वापरायच्या तर अजून दोन अडचणी. एक, चेंडू गुळगुळीत असला तर पाझराबरोबर तोही जाईल. म्हणून त्याला कायटोसानचं अस्तर देतात. कायटोसान निघतं कोळंबी आणि खेकड्याच्या टरफलातून, कोळणी सोलून टाकतात त्या कचऱ्यातून. त्याच्यावर धन भार असतो. हिरडीच्या आतली त्वचा, जिवाणूंचं अंग, खळ, सगळ्यांवर ऋण भार. त्यामुळे ते चिकटून बसतं. दोन, मुळात खिशात काही घालायचं तर ते पातळ हवं, आणि आत राहायचं तर घट्ट. यासाठी पोलोक्झामर नावाचा पदार्थ आहे, आणि तो सगळ्या स्वयंपाकघराच्या उलटा वागतो. तूप, खोबरेल थंडीत गोठतं, उन्हात वितळतं. पोलोक्झामरचं पुरेसं दाट द्रावण फ्रिजमध्ये पाण्यासारखं पातळ असतं आणि अंगाच्या उबेने गोठतं. त्यात नॅनोकण कालवायचे, थंडगार पिचकारीने खिशात सोडायचे. कोपऱ्याकोपऱ्यात वाहत जातं आणि तिथेच जेली होऊन बसतं.

आणि मला सर्वांत आवडलेली युक्ती. तो म्होरक्या, पॉर्फिरोमोनास, आपली प्रथिनं कापायला स्वतःची एक कात्री बाळगतो. ती प्रथिनाच्या साखळीत ठरावीक जागीच कापते. संशोधकांनी पोटलीला मुद्दाम अशा साखळीची गाठ मारली, जी फक्त त्याच कात्रीने तुटते. निरोगी हिरडीत पोटली बंद. चोर आला, त्याने सवयीने कात्री चालवली, की त्याच्याच अंगावर औषध सांडतं.

हे ऐकून उद्याच दवाखान्यात जाऊन "नॅनो द्या" म्हणू नका. हातात मिळतात त्या चकत्या, जेल आणि तो भोपळ्यांचा फवारा. मोहरीची बहुतेक कामगिरी अजून काचेच्या बशीत आणि उंदरांच्या तोंडात आहे. दाढेला रेशमाचा दोरा बांधून उंदराची हिरडी सुजवतात आणि मग औषध लावून पाहतात. माणसांवरच्या चाचण्या आहेत, पण लहान. शिवाय इतका बारीक कण जिवाणूत शिरतो तसा आपल्या पेशीतही शिरू शकतो. चांदीचे नॅनोकण जिवाणूंना भारी पडतात, पण मात्रा चुकली तर हिरडीलाही. भोपळ्यांचंही फार कौतुक नको. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेत सगळ्या चाचण्या एकत्र मांडल्या आहेत. हिरडीखालचा थर आणि किटण नीट खरवडून काढलं तर दाताची पकड सरासरी अर्धा मिलिमीटर सुधारते. वर मिनोसायक्लिनचे सूक्ष्म गोळे घातले तर आणखी ०.२४ मिलिमीटर. पाव मिलिमीटर! मोहरीने तो वाढावा, ही आशा.

खरवडणं चुकत नाही. बुळबुळीत पिंपात तुरटी टाकून कुणी पाणी भरत नाही. आधी काथ्या घेऊन आतून घासतो, मग पाणी. डॉक्टरांना ही उपमा सांगितली तर त्या म्हणाल्या, "मग रोज घासा की काका, पिंप आठवड्याला घासता तसं नको."

माझ्या खिशात नॅनो काही पडलं नाही. चकतीही नाही. दोन बैठकांत खालपर्यंत खरवडून झालं, रात्री दातांच्या फटींतून फिरवायचा बारीक ब्रश मिळाला, आणि साखरेची तपासणी करून या असं सांगितलं गेलं, कारण हिरडी आणि मधुमेह एकमेकांना चिथावतात. तीन महिन्यांनी पुन्हा खुर्ची, पुन्हा सळई.

"तीन, दोन, तीन. तीन, तीन, चार. रक्त नाही."

पाचचा चार. कागदावर तो आकडा एवढासा दिसत होता. मी आ वासलेल्या अवस्थेतच दहा हजाराने गुणून पाहिलं. दहा मीटर. सोळा मजल्यांपैकी तीन मजले भरून आले होते.